मैदान मारू नका, माइलस्टोन गाठा

यश मिळवणं ही आता जुनी पद्धत झाली. त्यात वर्षं जातात, अंग दुखतं, आणि एवढं करून मिळेलच असंही नाही. शहाणे असाल तर त्या भानगडीत न पडता यश इंग्रजीत सांगायला शिका. मी कोल्हापूरचा, म्हणजे सल्ला फुकट आणि न विचारता.

पहिली अडचण आपल्या भाषेचीच आहे. तिच्यातलं यशाचं निम्मं बोलणं तालमीतून आलेलं. मैदान मारलं म्हणा, समोरचा विचारतो, कुठलं? चितपट केलं म्हणा, तो विचारतो, कुणाला? आणि तो चितपट झालेला गडी नेमका गंगावेशीत दूध प्यायला उभा असतो, त्याचं म्हणणं वेगळंच असतं. मराठी यशाला साक्षीदार लागतो. त्यात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं तेही असं, की आखाडा मधोमध खोलात आणि बैठक भोवतीनं चढती. कुठंही बसा, पाठ लागली की नाही ते दिसतंच. अशा गावात माणसानं प्रगती कशी करायची?

इंग्रजीत ही कटकट नाही. ‘माइलस्टोन’ घ्या. म्हणजे मैलाचा दगड. सांगली अजून तीस किलोमीटर आहे हे सांगणाऱ्या दगडापाशी पोचलात, की थांबा, फोटो काढा, अभिनंदन स्वीकारा. सांगलीला जायची सक्ती नाही.

‘हम्बल्ड’ हा शब्द मात्र जपून ठेवा, तो हुकमी डाव आहे. पुरस्कार मिळाला की लिहायचं, आय अ‍ॅम हम्बल्ड. म्हणजे मी नम्र झालो. किती नम्र झालो ते कळावं म्हणून सोबत ट्रॉफीचे सहा फोटो, त्यातल्या दोनांत आमदार. (मराठीत हेच लिहिलंत तर कट्ट्यावर विचारतील, आधी मग काय होतास?)

मिरजकर तिकटीला मध्यंतरी एक फ्लेक्स लागला होता. चिरंजीव बारावीला ‘उडत्या रंगांसह उत्तीर्ण’. बापानं ‘विथ फ्लाइंग कलर्स’चं मराठी करून घेतलं होतं. त्यातले कलर्स म्हणजे जहाजावरचे झेंडे, लढाई मारून बंदरात येताना फडकत ठेवलेले. फ्लेक्सवाल्याला गलबताशी काय देणंघेणं? त्यानं मागं रंगपंचमी टाकली. पोरगं मधे गॉगल लावून उभं, डोक्यावर पिचकारी. टक्के कुठंच नव्हते. तुम्हीही हेच करा, आकडा टाळा.

‘नॉक्ड इट आउट ऑफ द पार्क’ असंही बिनधास्त म्हणा. हा बेसबॉलचा वाक्प्रचार, चेंडू पार मैदानाबाहेर टोलवला असा. पेठापेठांतून फुटबॉलसाठी भांडणाऱ्या गावात बेसबॉल कुणी बघितलाय? म्हणजे चूकही कुणी काढणार नाही.

आता खुद्द ‘सक्सेस’. मूळ लॅटिन, अर्थ मागून येणं. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत सक्सेस म्हणजे नुसता परिणाम, बरा की वाईट ते वेगळं सांगावं लागे. गादीवर मागून बसणारा सक्सेसरही त्याच मुळातला. या हिशेबानं कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि गादीचे वारस झाले, तिथंच सक्सेस पुरा झाला होता. पुढं शाहू महाराज म्हणून १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के रिकाम्या जागा राखायचा हुकूम काढायची काही गरज होती का? पण ऐकतंय कोण.

तीच गत पैलवान खाशाबा जाधवांची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नाहीत, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आज याला ‘एंजल इन्व्हेस्टर’ म्हणतात आणि तो आधी हिस्सा किती ते विचारतो. खाशाबा ब्राँझ घेऊन आले, ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’ म्हणाले नाहीत, बैलगाड्यांच्या मिरवणुकीतनं गावी गेले. मार्केटिंग शून्य.

एक पथ्य सांगतो. हे सगळं घराबाहेर. माझा भाचा पुण्याच्या एका कंपनीत होता. परवा बॅग घेऊन दारात उभा. म्हणाला, “मामा, इट वॉज अ सक्सेसफुल एक्झिट.” मी लगेच हात मिळवला. कंपनी विकून मालक बाहेर पडला की त्याला एक्झिट म्हणतात हे मला ठाऊक, पण याची कंपनी कधी झाली ते काही आठवेना. माझी आई कोथिंबीर निवडत बसली होती. चुलते, भाऊ सगळे लाल मातीतले, त्यामुळं तिला डाव लवकर कळतात.

“म्हंजे काढलं व्हय रं तुला?”

“तसं न्हाई आजी, कंपनी ट्रान्झिशनमध्ये आहे, सो म्युच्युअली...”

“काढलं.”

तो बूट सोडायला खाली वाकला तो वर येईचना. एवढ्यात पलीकडच्या काकू खिडकीत आल्या. “नातू आला वाटतं? काय म्हणतीया नोकरी?”

आईनं कोथिंबिरीवरची नजर काढली नाही.

“काय न्हाई. बरोबरीत सुटली.”