नरसोबावाडीपर्यंत वल्हवत का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी आधी तुमचं म्हणणं सांगतो. मुक्कामाच्या कॅनो (वल्ह्यांची अरुंद, उघडी होडी) सहलीसाठी नदी कशी निवडावी यावर मी लिहिलं, त्यात भिलवडीच्या आसपासची आणि तिथून खालची कृष्णा तंबू टाकून राहायला नको म्हटलं, आणि कोयना धरणाचा शिवसागर जलाशयही नको म्हटला. तुम्ही वाळवा तालुक्यातले, काठावरच वाढलेले. ज्या नदीत सांगलीवाडीची पोरं पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती मारतात त्या नदीत चार दिवस जायला घाबरायचं कशाला, असं तुम्ही विचारता. मगरीचा बागुलबुवा करून मी आपल्याच माणसांना नदीपासून तोडतोय, हा तुमचा आरोप. शिवाय तुमचा स्वतःचा बेतही तुम्ही मांडलाय. डिसेंबरात कराडच्या प्रीतिसंगमावरून, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरून, निघायचं, तीन रात्री काठावर काढायच्या, त्यातली एक औदुंबरला, आणि दत्तजयंतीला नरसोबावाडीच्या घाटाला होडी लावायची.

बेत वाचून मलाही हुरूप आला. औदुंबर आणि वाडी ही दोन्ही दत्तस्थानं एकाच नदीच्या काठी आहेत आणि आपण दोन्हीकडे एसटीनं जातो, हे मलाही खटकतं. त्यामुळं हे उत्तर तुमच्या इच्छेच्या विरोधात नाही. मार्ग आणि मुक्काम यांच्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि का नाही ते नीट सांगतो.

आधी साधा हिशोब. सडकेनंच कराड ते वाडी ९० किलोमीटरच्या पुढं भरतं. कृष्णा सडकेसारखी सरळ जात नाही, वाळवा-पलूसच्या पट्ट्यात तर ती वळणांवर वळणं घेते, म्हणजे पाण्यावरचं अंतर त्याहून बरंच जास्त. तंबू, शिधा, पाण्याचे कॅन भरलेली दोन माणसांची कॅनो संथ पाण्यात तासाला ३ ते ४ किलोमीटर जाते. डिसेंबरात सकाळी नदीवर धुकं असतं आणि संध्याकाळी सहाला अंधारतं. उजेडात मुक्काम लावायचा तर दिवसाचे १५ ते १८ किलोमीटर झाले तरी पुष्कळ. तीन रात्री, चार दिवस या मापानं तुमची होडी औदुंबरच्या आगेमागे असेल तेव्हा दत्तजयंती उजाडलेली असेल. मग माणूस घाई करतो, दिवस मावळल्यावरही वल्हं मारत राहतो आणि दिसेल त्या काठाला लागतो. तीच वेळ सगळ्यात वाईट.

संथ पाणी म्हटलं, तेही जाणूनबुजून. डिसेंबरातली कृष्णा आपल्या मनातली वाहती कृष्णा नसते. कोयना धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यानुसार वीज करण्यासाठी पश्चिमेला वळवता येतं, आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पूर्वेकडं आपल्या वाट्याला येतं ते मागणीप्रमाणं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप सुरू झाले की धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून १०५० किंवा २१०० क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सोडतात, मागणी थांबली की कमी करतात. धोम धरणाचं पाणीही बरंचसं कालव्यांनी शेताला जातं. म्हणजे नदीत आज किती पाणी आहे हे पाऊस ठरवत नाही, आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, ठरवतं. वरून पाणी सोडलं तर कोरड्या दिसणाऱ्या वाळूवर रात्री पाणी चढतं, आणि बंद झालं तर सकाळी होडी चिखलात बसलेली सापडते. मुक्कामाच्या सहलीला निघणाऱ्यानं हवामानाच्या अंदाजाआधी पाटबंधारे खात्याचं आवर्तन विचारावं, असं मी लेखात लिहिलं होतं. तुम्हाला ते सरकारी वाटलं. माझ्या लेखी लाइफ जॅकेटनंतर तेच सगळ्यात कामाचं आहे.

आणि मधे बंधारे आहेत. खोडशीचा ब्रिटिश काळातला बंधारा कराडच्या वरच्या अंगाला राहतो, तो तुमच्या वाटेत येत नाही. पण खाली टेंभू, सातपेवाडी, डिग्रज आणि आणखी काही आहेतच. पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि नदी एकामागून एक तळ्यांची होऊन जाते. काठावरून हे दिसतं, कॅनोत बसल्यावर दिसत नाही. पाण्याच्या पातळीवर डोळे असले की समोर फक्त खांबांची रांग आणि त्यांच्यापुढं पाण्याची सरळ, गुळगुळीत कड दिसते. जवळ गेल्यावर गाळ्यागाळ्यांत अडकलेलं केंदाळ दिसतं, प्लॅस्टिकच्या बाटल्या, एखादं वाहून आलेलं झाडाचं खोड, आणि बरग्यांच्या फटींतून खाली सुटणाऱ्या धारांचा आवाज येतो. पाणी वरून सांडत असेल तर होडी आडवी होऊन खांबाला चिकटते आणि मागचं पाणी तिला दाबून धरतं. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याच्या आधी २०० मीटरवर उतरायचं, सामान रिकामं करायचं, होडी खांद्यावर घेऊन खाली न्यायची. खाली गेल्यावर बहुधा खडक आणि घोट्याएवढं पाणी, तिथं होडी ओढत न्यायची. एका बंधाऱ्याला दीड-दोन तास सहज जातात. वरच्या हिशोबात हे धरलेलंच नव्हतं.

शेतकऱ्यांच्या पाणीमोटारींचंही लिहितो, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. काठावरच्या पेटीतून काळी केबल दरड उतरून पाण्यात जाते, कुठं बांबूला बांधलेली, कुठं नुसतीच सोडलेली, आणि मोटारीचा दोर पाण्याच्या वीतभर खाली ताणलेला असतो. वल्हं त्यात अडकलं की होडी कलंडते. कामगारानं केबलला पट्टी मारून जोड दिलेला असेल तर विजेचा धक्का, म्हणजे याहून वाईट. जिथं पाइप पाण्यात उतरलेत तिथून २० हात लांबून जायचं आणि तिथं कधीही काठाला लागायचं नाही.

आता मगर. तुम्ही म्हणता की लहानपणापासून मगरी बघतोय, माणसाची चाहूल लागली की त्या पाण्यात सरकतात. खरं आहे, दिवसा होडीतून जाणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तसंच दिसतं. पण आपल्या भागात माणसांवर हल्ले झालेत ते कुणावर, ते आठवा. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात घाटावर अंघोळीला उतरलेल्यांवर, धुणं धुणाऱ्यांवर, काठाशी मासे धरणाऱ्यांवर. म्हणजे कडेच्या गुडघाभर पाण्यात वाकलेल्या माणसावर. मुक्कामी सहलीत आपण रोज संध्याकाळी आणि पहाटे नेमकं हेच करतो. भांडी घासतो, पाणी भरतो, तोंड धुतो, होडी ओढून वर घेतो. दिवसभर पाण्यावर जो धोका थोडा असतो तो मुक्कामाला काठावर येऊन दाट होतो.

दुसरी गोष्ट हंगामाची. थंडीत मगर ऊन खायला बाहेर येते आणि तिला लागतो मऊ उताराचा, पाण्याला लागून असलेला, वर्दळ नसलेला काठ. फेब्रुवारीपासून मादी अंडी घालायला जागा बघते तीही अशीच, पुराचं पाणी पोचणार नाही अशा बेतानं जरा उंचावरची. आणि कॅनोतून येणारा माणूस तंबूला कुठली जागा शोधतो? वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत काठाची दरड दोन-तीन पुरुष उंच, काळ्या मातीची, सरळ तुटलेली, आणि वर थेट उसाचं रान. होडी लावता येईल असा उतार मैल-दोन मैलांत एखादाच सापडतो. त्या एका उतारावर मगरीचा हक्क आपल्या आधीचा आहे. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली आहे, तिला तिथून हुसकावणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तो काठ तिलाच सोडला असता. हा बागुलबुवा वाटत असेल तर औदुंबरच्या कुठल्याही नावाड्याला विचारा, तो दिवे लागल्यावर पाण्याच्या कडेला बसतो का.

शर्यतींबद्दल मला अभिमानच आहे. पण त्या भरल्या नदीत, काही मिनिटांच्या, आणि दोन्ही काठांवर अख्खं गाव उभं असताना होतात. रात्री दोन वाजता होडी सुटून गेली तर हाक मारायला कुणी नसतं, हा फरक आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याला लाइफ जॅकेट कशाला, हा तुमचा प्रश्न मात्र मला मान्य नाही. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा नदी आपल्याच गावातून वाहत होती आणि बोटीत आपलीच माणसं होती. पोहता येणं आणि पाण्यातून बाहेर येणं या दोन गोष्टी आहेत.

कोयनेबद्दल तुम्ही लिहिलंय की बामणोली-तापोळ्याचं पाणी महाराष्ट्रात सगळ्यात देखणं, तेही मी कसं काय वगळलं. देखणं आहेच. पण पश्चिमेचा काठ अभयारण्याचा आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. वासोट्याला जायचं तरी वनखात्याची परवानगी काढून सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं, मुक्कामाला बंदी. राहिला पूर्वेचा काठ, तिथं गावं आहेत, तंबूंची सोय आहे. तिथं राहून दिवसा वल्हवायला जरूर जा. पण तो धरणाचा जलाशय आहे, दुपारनंतर लांबच लांब मोकळ्या पाण्यावरून वारा येतो आणि उघड्या कॅनोला लाटा बाजूनं बसतात. रोज नवा मुक्काम करत पुढं जायची ती जागा नाही. वारणेबद्दल फार लिहीत नाही. तिच्यावरही बंधारे आहेत आणि खालच्या अंगाला मगरही आहे.

तर नदी निवडताना मी पाण्याच्या आधी काठ बघतो. रोज संध्याकाळी चारच्या सुमाराला जिथं उतरता येईल, जिथं माणसांची वस्ती आहे, पायऱ्या आहेत आणि झोपायची जागा पाण्यापासून उंच आहे, असे टप्पे आधी नकाशावर मिळाले पाहिजेत. ते मिळाले तरच मधलं पाणी बघायचं. या कसोटीला आपल्याकडं मला पटतो तो टेंभूच्या बंधाऱ्याखालून बहेपर्यंतचा तुकडा. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, जेव्हा काठाचा चिखल वाळलेला असतो. दोन रात्री पुरतात. पहिली रेठरे बुद्रुकच्या आसपास, दुसरी नरसिंहपूरला, आणि शेवट बह्याच्या रामलिंग बेटाशी, जिथं समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. वरच्या अंगालाही अधूनमधून मगर दिसल्याच्या बातम्या येतात, म्हणून तिथंही नियम तेच. तंबू घाटाच्या वर, देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात, सरपंचांना आणि पोलिस पाटलांना आदल्या आठवड्यात सांगून. पिण्याचं पाणी गावातून, भांडी गावच्या नळावर, अंधार पडल्यावर पाण्याशी कुणी जायचं नाही. उसात बिबट्या असतो, त्यामुळं उसाच्या बांधावरही झोपायचं नाही. गावात राहिलो तर सहल कसली, असं काहींना वाटेल. मला तर देवळाच्या ओवरीत पथारी टाकून पडणं हा आपल्या नद्यांवरचा सगळ्यात जुना मुक्काम वाटतो.

तुमच्या बेतातली औदुंबरची रात्र मी पुसायला सांगत नाही. ती धर्मशाळेत काढा, होडीशिवाय. आणि दत्तजयंतीला वाडीला गाडीनं जा, त्या दिवशी घाटावर इतकी गर्दी असते की होडी लावायला तसाही वाव नसतो.

एक विचारायचं राहिलं. नरसिंहपूर ते बहे हा काठ तुमच्या रोजच्या पायाखालचा असणार. सातपेवाडीला बरगे घातल्यावर पाण्याचा फुगवटा मागं कुठवर येतो, आणि नरसिंहपूरच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या तेव्हा उघड्या राहतात की बुडतात? भरलेली होडी वर घेता येईल का, हे त्यावर ठरतं. तुम्ही कळवलंत तर तुमचं नाव घालून मूळ लेखात ती माहिती जोडतो.