गणपतरावांच्या वाटेला जाऊ नका

आमदारसाहेब, अभिनंदन! अंगावरचा गुलाल उतरला असेल तर एक गोष्ट कानात सांगतो. कारकीर्द लांबवायची असेल, तर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव डोक्यातून काढून टाका. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, २०१९ साली आपणहून थांबले, मधे अकरा वेळा आमदार. आकड्याला भुलू नका. एवढ्या टर्ममध्ये माणसाने काय काय करायचं राहू दिलं, ते बघा.

एकच मतदारसंघ, एकच पक्ष, आणि तोही शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष! वारं कुठून वाहतंय हे बघायला कधी साधं खिडकीतून डोकं बाहेर काढलं नाही. पेशाने वकील, पण १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला तेव्हा त्याच्या पळवाटा शोधायची गरजही पडली नाही. शिक्षण फुकट गेलं म्हणायचं. तुम्हाला मात्र तो कायदा असलेली राज्यघटनेची दहावी अनुसूची तोंडपाठ हवी. आमदारकी वाचवून पक्ष सोडायला लागणारे दोन-तृतीयांश म्हणजे किती डोकी, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

बहुतेक वर्षं विरोधी बाकांवर. मंत्रिपद दोनदा चालून आलं, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि पुन्हा १९९९ ला. त्यानंतरही प्रवास एसटीनेच. एसटीत आमदारांसाठी जागा राखीव असते, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? तसं खिडकीपाशी रंगवलेलं असतं. ते वाचून लोकांनी हसावं एवढाच त्याचा उपयोग. हे गृहस्थ त्या जागेवर खरोखर जाऊन बसायचे! मग काय, कंडक्टर, बाजाराला निघालेली म्हातारी, शेजारचा पेन्शनर, ज्याला वाटेल त्याच्या तावडीत आयते सापडणार. अहो, काळ्या काचांची गाडी कशासाठी असते?

बरं, तालुका दुष्काळी. केवढी मोठी संधी! पण यांनी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी मागत राहिले. पाणी आलं की मुद्दा संपतो, एवढंही कळू नये? एकाच कालव्याचा नारळ चार निवडणुका पुरवायचा असतो. सूतगिरणी काढली, तीही चालवून दाखवली. सहकारी संस्था काढायची असते हो, चालवायची नसते.

आणि एवढं करून लोकांनी काय दिलं? १९७२ ला पाडलं. १९९५ ला तर १९२ मतांनी. त्या वेळी जिंकलेल्या शहाजीबापू पाटलांनी २०१९ ला त्यांच्या नातवालाही हरवलं. पुढे २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडाबरोबर बापू गुवाहाटीला गेले आणि त्यांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ एका फोनवर महाराष्ट्रभर पोचलं. आता सांगा, गणपतरावांच्या एवढ्या वर्षांच्या भाषणांतलं एक तरी वाक्य तुम्हाला आठवतंय? म्हणून फोनवर बोलताना रेकॉर्डिंग चालूच आहे असं धरून बोलत चला.

२०२४ ला सांगोल्याने पुन्हा गणपतरावांच्याच घरचा, दुसरा नातू निवडून दिला, तोही शेकापचा. तो भाग परीक्षेला नाही.