एवढ्याशा गावात कशाला?

आज आमच्याकडे जेवायला आलेल्या एका परिचितांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील ओवाटोना गावाच्या बँकेचा फोटो पाहून "एवढ्याशा गावात विटांवर एवढा खर्च कशाला?" असे विचारले. पाहुणे असल्यामुळे मी मुकाट्याने भाजी वाढत राहिलो, पण राग अजून उतरलेला नाही.

मिनियापोलिसच्या दक्षिणेला तासाभरावर असलेल्या या गावाची वस्ती १९०८ च्या सुमारास जेमतेम साडेपाच हजारांची होती. तरीही नॅशनल फार्मर्स बँकेच्या कार्ल बेनेट यांनी शिकागोहून लुई सलिव्हन यांच्यासारखा वास्तुरचनाकार आणला आणि रंगीत काचांच्या दोन भव्य कमानींची ही वास्तू शेतकऱ्यांच्या रोजच्या देवघेवीसाठी उभी केली. सुंदर इमारती केवळ महानगरांनीच बांधाव्यात, असा नियम कोणी केला आहे?

वडील येथे आले होते तेव्हा मी त्यांना मुद्दाम तेथे नेले होते. त्यांची सारी हयात जिल्हा बँकेत रोखपाल म्हणून गेली. त्यांनी आधी भिंतीवर तळहात फिरवला; ती वीट खरबरीत आहे आणि तांबड्यापासून तपकिरीपर्यंत प्रत्येकीची छटा निराळी आहे. आत भिंतीवर गाईंचे प्रचंड चित्र पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "योग्य आहे. तारण तेच."

बँक १९२६ मध्ये बुडाली, हे मान्य. पण ती शेतीच्या मंदीत बुडाली, विटांमुळे नव्हे.

खरा संताप येतो तो १९४० च्या नूतनीकरणाचा. वडील रोखपालाची खिडकी शोधत होते आणि मला सांगावे लागले की त्या खिडक्यांच्या नक्षीदार जाळ्या तेव्हाच काढून टाकल्या गेल्या, त्यांतली एक आता मिनियापोलिसच्या कला संग्रहालयात ठेवलेली आहे. "म्हणजे खिडकी आहे, पण तिच्यामागे माणूस नाही," एवढेच ते बोलले. ज्यांनी रोज तिथे बसून काम केले त्यांनाच ती अडगळ वाटावी, हे मला आजही पचत नाही.

तरी १९५० च्या दशकात वास्तुरचनाकार हार्वेल हॅमिल्टन हॅरिस यांनी बरेचसे सावरले आणि १९७६ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, हेही सांगितले पाहिजे. वडिलांना मात्र दर्जापेक्षा तिथे पुढेही बँकच चालू राहिली, याचे अधिक समाधान वाटले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी कामाच्या दिवशी जावे आणि शेजारच्या दुकानांची दुमजली विटांची इमारतही पाहावी. ती मूळ आराखड्याचाच भाग आहे, पण तिचा फोटो सहसा कोणी काढत नाही.