‘त्यांना रस्त्यावरच राहायचं असतं’ म्हणे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा आला. दर थंडीत येतोच. मजकूर थोडक्यात असा: फुटपाथवर झोपणारे गरीब नसतात, भीक हा त्यांचा धंदा असतो आणि कमाई तुमच्या पगाराहून जास्त असते. सगळे बाहेरून आलेले. उरलेले वेडे नाहीतर गर्दुल्ले. फुकट मिळतं म्हणून काम करत नाहीत. सरकारने निवारे बांधलेत, पण यांना रस्त्यावरच राहायचं असतं. तेव्हा दया दाखवू नका, फोन करा आणि उचलायला लावा. खाली जोडलेले हात, तिरंगा आणि ‘प्रत्येक सुजाण नागरिकापर्यंत पोचवा’.

दोन तासांत एकोणीस अंगठे पडले. अंगठा देणाऱ्यांत माझे जिव्हाळ्याचे लोक आहेत आणि त्यातलं कोणीही दुष्ट नाही. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी भिकेचं. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेने बेघरांची मोजणी केली. फुटपाथवर, पुलाखाली, पाइपात, जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर, रेल्वेच्या फलाटावर जे झोपलेले सापडले ते मोजले. देशात १७ लाख ७० हजारांहून जास्त भरले, महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. एका रात्रीत अंधारात फिरून केलेली मोजणी ही, सुटलेले किती असतील ते वेगळंच. त्याच जनगणनेत भिकारी आणि भटके म्हणून नोंद झालेले देशात ४ लाख १३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २४ हजार. आता शाळेतलं त्रैराशिक मांडा. राज्यातले सगळेच्या सगळे भिकारी बेघर आहेत असं धरलं (तसं नसतं, बऱ्याच जणांची झोपडी असते), तरी दर नऊ बेघरांतले आठ जण भीक मागत नाहीत.

मग करतात काय? आमच्या स्टेशनापलीकडच्या उड्डाणपुलाखाली एक मावशी राहतात. शुक्रवारी रात्री साडेदहाला तिकडून जाल तर त्या पथदिव्याच्या उजेडात मांडी घालून बसलेल्या दिसतील. समोर लिंबांची गोणी, मिरच्यांचा ढीग, काळा दोरा, दाभणासारखी सुई. एक लिंबू, सात मिरच्या, खाली बिब्बा. गाठ मारली की बाजूला. बोटांना चुना लावलेला असतो, कारण मिरचीने हात पेटतात. पहाटे चारला माल न्यायला माणूस येतो आणि शनिवारी सकाळी तीच लिंबू-मिरची दुकानांच्या शटरवर आणि गाड्यांच्या बंपरवर लटकते. मेसेज पाठवणाऱ्या काकांच्या ऑफिसच्या दारावरही असते, मी पाहिली आहे. मावशींशेजारचे दोघे लग्नाच्या हंगामात कॅटरिंगवाल्यांकडे वाढपी म्हणून जातात, एरवी बिगारीला. त्यांच्यापुढचं कुटुंब भंगार वेचतं. भीक मागणारे एक आजोबा आहेत त्या रांगेत, नाही असं नाही.

लाखोंच्या कमाईच्या कथेचा उगम बहुधा गोवंडीच्या त्या बातमीत आहे. २०१९ मध्ये रेल्वेखाली मेलेल्या एका वृद्ध भिकाऱ्याच्या झोपडीत नाण्यांच्या पिशव्या आणि बँकेतल्या मुदत ठेवींच्या पावत्या सापडल्या. खरी आहे बातमी. पण झोपडी होती म्हणजे तो बेघर नव्हता. आणि म्हातारपणी पै पै साठवून मुदत ठेव करणाऱ्याला एरवी आपण काटकसरी म्हणतो. एक गोष्ट मात्र मेसेजची मान्य. सिग्नलला लहान पोराच्या हातात नाणं ठेवू नये, त्या पोरांना पुढे करणारी मोठी माणसं असतात. तिथे १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा.

‘सगळे बाहेरचे’ हा मुद्दा आपल्याकडे लगेच पटतो, म्हणून त्याचा पुरावा कोणी मागत नाही. १९८१ मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईतल्या फुटपाथवरच्यांना उचलून शहराबाहेर काढायचा निर्णय झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते ओळखलं जातं. अर्जदारांत तमिळनाडूतल्या सेलमचा एक भूमिहीन मजूर होता, हे खरं. पण दुसरा होता संगमनेरचा. तिथे चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं, तो मुंबईला आला, महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले आणि बांबू-प्लास्टिकला ७०० लागले. निकालपत्रातच आहे हे. म्हणजे फुटपाथही फुकट नव्हता. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार त्यात गेला.

त्याच्याआधी १९७२ च्या दुष्काळात आलेली मराठी कुटुंबं आहेत. आजही मुंबई-पुण्याच्या सिग्नलवर गजरे आणि झेंडे विकणाऱ्यांत मराठवाड्या-सोलापूरकडचे पारधी आहेत. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्या जमातींपैकी ही एक. कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावाची नजर काही गेली नाही. ‘आपल्या गावी जा’ म्हणणाऱ्याने त्यांच्याच गावी जाऊन एकदा विचारावं, घ्याल का परत म्हणून.

आता वेड्यांचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मेसेजमधलं हे वाक्य निम्मं खरं आहे. रस्त्यावर आपल्याशीच बोलत, जटा वाढवून, अंगावर सात कपडे चढवून फिरणारी माणसं आजारी असतात. पण ‘वेडा’ म्हटलं की आपला विषय संपतो, आणि खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी मुंबईत एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहिलं. त्याला आपल्या दवाखान्यात आणलं, औषधं सुरू केली. बरा झाल्यावर कळलं की पोरगा आंध्रचा, पदवीधर, चांगल्या घरातला. घरचे त्याला शोधतच होते. त्यातून १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुढे कर्जतला केंद्र झालं. हजारो माणसं उपचार घेऊन आपापल्या गावी पोचली, आणि २०१८ मध्ये डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी वर्षानुवर्षं तेच करतायत.

हे संतांचं काम आहे, आपल्याला कुठे जमणार, असं म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगतं की स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण रस्त्यावर फिरताना आढळला तर त्याला संरक्षणात घेणं हे त्या पोलिस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही आणि घरचे सापडत नसतील तर हरवल्याची नोंद करायची. ठाण्यात जाऊन कलमाचा आकडा सांगितला की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो, हा माझा अनुभव. तुम्हीही सांगून बघा. कोणी म्हातारं माणूस टाकून दिलेलं दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. आणि गर्दुल्ले? आहेत. व्यसनामुळे रस्त्यावर आलेले आहेत, तसे रस्त्यावर आल्यावर व्यसनी झालेलेही. डोक्यावर मेट्रोचं काम आणि कानाशी डंपर असताना कोरड्या घशाने कोण झोपतं, सांगा.

‘उचलायला लावा’ म्हणणाऱ्यांना बहुतेक माहीत नसेल की आपल्या राज्यात त्यासाठी कायदा १९५९ पासून आहे, मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम. त्यात भिकाऱ्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाऊन, नाचून, भविष्य सांगून, कसरती करून पैसे मागणारा भिकारी. उदरनिर्वाहाचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही भिकारी. थोडक्यात आपला पहाटेचा वासुदेव, नंदीबैलवाला आणि पोतराज हे तिन्ही या कायद्याने गुन्हेगार. वॉरंटशिवाय अटक, पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडलात तर दहा वर्षांपर्यंत. साठ वर्षांहून जास्त काळ हा दंडुका हातात आहे. फुटपाथ रिकामे झाले असते तर मेसेज कशाला फिरला असता? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तो लागू आहे.

ओल्गा टेलिसचा निकाल १९८५ चा, लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे त्याने सांगितलं, आणि नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली. लोक पहिलं वाक्य सांगतात, दुसरं विसरतात. मीही फुटपाथ चालण्यासाठी असतो हे मानतो, माझी आई रस्त्यावरून चालताना रिक्षाचा धक्का लागून पडली आहे. पण ‘इथून हलवा’ याच्या पुढचा शब्द ‘कुठे’ हाच असायला हवा. कोविडच्या वेळी रस्त्यावर भीक मागायला बंदी घाला म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका आली तेव्हा २०२१ मध्ये ती मागणी मान्य करायला नकार देणाऱ्या खंडपीठात यशवंतरावांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. गरिबी नसती तर कोणी भीक मागितली नसती, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख.

फुकट मिळतं म्हणून आळस, हे मात्र नुसतं ग्रुपवर म्हटलं जात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्यांच्याच सुनावणीत न्या. भूषण गवई यांनी विचारलं होतं की आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना. आदर ठेवून म्हणतो, प्रश्न चुकीच्या माणसांबद्दल विचारला गेला. फुकटच्या म्हणतात त्या योजनांना आधार लागतं, बँक खातं लागतं, रहिवासाचा पुरावा लागतो. पुलाखालच्या मावशींकडे यातलं काय आहे? रेशनकार्डाची एक झेरॉक्स, कमरेच्या पिशवीत, घडीवर फाटलेली. मूळ कार्ड गाठोड्यात होतं. पहाटे कामाला जाताना गाठोडं जाळीला बांधून गेल्या, मधल्या वेळात पालिकेची गाडी आली आणि गाठोडं उचलून गेली. पातेली, गोधडी, कार्ड, नातवाचा जन्मदाखला. तेव्हापासून त्या कामावर गाठोडं घेऊनच जातात, म्हणजे मिळेल ते काम घेता येत नाही. याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा.

या लोकांची खरी अडचण सामान ठेवायला जागा नाही आणि सांगायला पत्ता नाही, ही आहे. गंमत म्हणजे पत्ता कसा मानायचा हे आपल्याच निवडणूक आयोगाला कळतं. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा अर्ज भरला की अधिकारी त्याने सांगितलेल्या ठिकाणी रात्री जातो, एकाहून जास्त रात्री जातो. माणूस तिथेच झोपलेला दिसला की पुरे, पत्त्याचा कागद मागत नाहीत. त्यामुळे काय करू शकतो असं विचाराल तर माझी यादी चादरी वाटण्यापासून सुरू होत नाही. अर्ज भरायला बसा. आधारसाठी चकरा मारायला सोबत जा. सोसायटीच्या मागच्या नळाचं पाणी भरू द्या. एखादं गाठोडं वॉचमनच्या केबिनमागे दिवसभर राहिलं तर बिल्डिंगचा भाव पडत नाही.

राहिला निवाऱ्याचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून सांगितलेला आणि पुढे केंद्राच्या योजनेत आलेला निकष असा, की शहरात दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय असलेला, बारमाही, चोवीस तास उघडा निवारा हवा. मुंबईची लोकसंख्या २०११ मध्ये १ कोटी २४ लाख. म्हणजे १२४ निवारे, १२ हजार ४०० माणसांची सोय. बेघरांची नोंद सुमारे ५७ हजार. निकष अक्षरशः पाळला तरी पाचातले चार बाहेरच झोपणार, आणि मुंबई त्या निकषाच्या जवळपासही पोचलेली नाही. ज्या वर्षी हे ५७ हजार मोजले त्याच वर्षी याच शहरात सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी पडून होती, तेही त्याच जनगणनेत आहे.

‘जात नाहीत’ म्हणतात, पण जाणार कसे? बहुतेक निवारे पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, मुलांचे वेगळे. नवरा, बायको, सोळा वर्षांचा मुलगा असं कुटुंब तीन ठिकाणी वाटलं जातं. त्यात काम पहाटे चारला बाजारात आणि निवारा दुसऱ्या टोकाला.

निवारा वस्तीत का होत नाही, याचं उत्तर मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीतल्या रिकाम्या सरकारी जागेवर होणार होता. परिसराची सुरक्षितता, महिला, लहान मुलं असं सगळं लिहून आजूबाजूच्या सोसायट्यांनी हरकतीचा अर्ज दिला. त्यावर चौथ्या पानावर माझीही सही आहे. निवारा झाला नाही. जागा अजून तशीच आहे, रात्री तिथे गाड्या लागतात. माझीही तिथेच असते.