हप्ता त्याचा, बोजा माझ्याही नावावर

‘हप्ते वेळेवर गेले तर सहकर्जदाराला काहीच झळ लागत नाही’ हे, बोटीच्या कर्जासाठी सहकर्जदार घेण्याचे फायदे सांगणाऱ्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मेहुण्याच्या बोटीच्या कर्जावर मी सहकर्जदार म्हणून, म्हणजे फेडीची जबाबदारी माझ्यावरही घेऊन, सही केली होती. त्याचा क्रेडिट स्कोअर बेताचा, माझा चांगला. अर्ज मंजूर झाला, व्याजही थोडं उतरलं. इथवर लेखक बरोबर आहेत. पठ्ठ्याने एकही हप्ता चुकवला नाही. तरी दोन वर्षांनी मी घरासाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा अधिकाऱ्याने स्क्रीनच माझ्याकडे वळवली. बोटीचं उरलेलं सगळं कर्ज माझ्या नावापुढे! ‘हप्ता तो भरतो हो’ म्हटलं, तर त्याच्या खात्याची १२ महिन्यांची स्टेटमेंट्स आणा म्हणाले. शेवटी मला कर्ज मिळालं, पण मागितलं त्यापेक्षा कमी.

आणि बोटीचं कर्ज १०-१५ वर्षंही चालतं. मधेच आपलं नाव काढून घेणं सोपं नाही. बहुतेक वेळा मूळ कर्जदाराला एकट्याच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं फेडावं लागतं. गंमत म्हणजे बोटीच्या मालकीच्या कागदावर माझं नावच नाही. (तसंही मला पाण्यावर मळमळतं.)