नाकावरचा राग आणि लांब नाकाचा देव

गुड फ्रायडे जवळ आला की एक मजकूर दरवर्षी फोनवरून फिरू लागतो. यंदा तो मला आमच्याच मंडळीतल्या, इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने पाठवला. खाली विचारलं होतं, "काका, याला उत्तर आहे का?" मजकूर असा: "जुन्या करारातला देव रागीट, नव्या करारातला प्रेमळ. म्हणजे देव तरी दोन, नाहीतर मधल्या काळात बदललेला. येशू कधी कुणावर रागावला नाही. जो प्रेम करतो तो क्रोध करूच शकत नाही. आणि शेवटी याच देवाने स्वतःचा राग शमवायला निरपराध मुलाचा बळी घेतला."

उत्तर आहे. पण ते एका ओळीत देऊन त्या पोराची बोळवण करायची नाही.

"जुन्या करारातला देव रागीट." सीनाय पर्वतावर देव मोशेला स्वतःची ओळख स्वतः सांगतो, ती बायबलच्या पहिल्या भागातल्या, म्हणजे जुन्या करारातल्या, निर्गम या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात आहे. सुरुवातच दयाळू आणि कृपाळू या शब्दांनी होते. लगेच पुढचा शब्द आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'मंदक्रोध' असा छापलेला आहे. मूळ हिब्रूत तिथे शब्दशः 'लांब नाकाचा' असं आहे! हिब्रूत नाक आणि राग या दोन्हींसाठी एकच शब्द चालतो: अफ. मराठी माणसाला हे फार फोड करून सांगायला नको, कारण आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. ज्याच्या नाकावर राग असतो, त्याच्या अगदी उलट स्वभावाचा हा देव. मात्र त्याला राग येतच नाही, असंही तिथे म्हटलेलं नाही. पुढच्याच वचनात तो अपराधाची क्षमा करतो आणि दोषी माणसाला तसाच सोडतही नाही. क्षमा आणि न्याय एकाच दमात.

पुण्याच्या रास्ता पेठेत सुक्काथ शेलोमो हे 1921 सालचं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ आहे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुदी मंडळींचं. आपण ज्याला जुना करार म्हणतो तेच यहुद्यांचं सगळं पवित्र शास्त्र. आणि योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, यहुदी लोक याच ओळी पुन्हा पुन्हा म्हणून क्षमा मागतात. त्यांच्या शेजारी राहून 'तुमचा देव रागीट, आमचा प्रेमळ' म्हणणं चूक तर आहेच, अन्यायाचंही आहे. युरोपात यहुद्यांच्या द्वेषाला असल्या बोलण्याने शतकानुशतकं खतपाणी घातलं.

जुन्या करारातल्याच योना संदेष्ट्याची तर तक्रारच उलटी. निनवे शहराचा नाश झाला नाही म्हणून तो देवावर चिडतो: तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं! हिब्रूत तोच, लांब नाकाचा शब्द. आणि देव त्याला शहरातल्या 1,20,000हून अधिक जीवांची आठवण करून देतो, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही, शिवाय गुरांचीही.

दोन देवांची कल्पनाही नवी नाही. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी गावचा मार्सियन दुसऱ्या शतकात हेच शिकवत होता. रोमच्या मंडळीने इ.स. 144मध्ये त्याला बाहेर काढलं आणि त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली. त्याने जुना करार तर टाकून दिलाच, पण तेवढ्याने भागेना, म्हणून येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकटं लूकचं ठेवलं आणि त्यालाही कात्री लावली. लावावीच लागली, कारण लूकमधला येशू सारखा जुन्या करारातूनच बोलतो.

एक कबुली इथेच देतो. यहोशवाच्या पुस्तकातल्या कत्तली वाचताना मी आजही अडखळतो. त्यांच्यावर मंडळीत आजवर जी उत्तरं दिली गेली, त्यातलं एकही मला पुरेसं वाटलेलं नाही. पण म्हणून अख्ख्या जुन्या करारावर 'रागीट' अशी चिठ्ठी चिकटवता येत नाही.

"येशू कधी कुणावर रागावला नाही." हे वाक्य लिहिणाऱ्याने मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडावा. शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याचा दिवस, सभास्थान, आणि हात वाळलेला एक माणूस. येशू त्याला बरं करतो का, हे पाहायला आणि मग आरोप ठेवायला टपून बसलेले लोक. पाचवं वचन सांगतं की त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे खिन्न होऊन त्याने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाला, हात लांब कर. हात बरा झाला. राग, खिन्नता आणि बरं करणं, सगळं एका वचनात. आणखी एक: नरकासाठीचा 'गेहेन्ना' हा शब्द नव्या करारात बारा वेळा येतो, त्यातला अकरा वेळा येशूच्याच तोंडी.

आता तिसरं वाक्य, "जो प्रेम करतो तो क्रोध करूच शकत नाही." आमच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासाला जनता वसाहतीतून एक बाई येतात. विधवा आहेत, चार घरची धुणीभांडी करतात. मुलीच्या लग्नासाठी दर महिन्याला दोन हजार भिशीत टाकत होत्या, आणि त्यांचा नंबर लागायच्या आधीच भिशी चालवणारा पळाला. त्या बुधवारी विषय होता देवाची प्रीती. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "पण त्याला याचा राग आला असेल ना?"

खोलीत कुणी बोलेना. मी निर्गमचा 22वा अध्याय काढून वाचला. विधवा किंवा अनाथाला गांजू नका. गांजलंत आणि त्यांनी मला हाक मारली, तर माझा क्रोध भडकेल. लगेच खाली गहाणाचा नियम: शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंत तर दिवस मावळायच्या आत परत करा, तो रात्री काय पांघरून निजेल? त्याने हाक मारली तर मी ऐकेन, कारण मी करुणामय आहे. भडकणारा क्रोध आणि ही करुणा यांच्यात दोनच वचनं आहेत. बाईंनी वचनाचा आकडा कागदावर लिहून मागितला. भिशीवाल्याचं ज्याला काहीच वाटत नाही, त्याचं बाईंवर प्रेम आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? योहानाच्या पत्रात देव प्रीती आहे असं लिहिलंय. देव क्रोध आहे असं शास्त्रात कुठेही नाही. जीव लावलेल्या माणसाची कुणी नासाडी करू लागलं, की त्या प्रीतीलाच राग येतो.

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त टोचतं, आणि त्याचा दोष निम्मा आमच्याच व्यासपीठांचा आहे. संतापलेला बाप, मध्ये पडलेला मुलगा, असं चित्र मी लहानपणापासून उपदेशात ऐकलंय. त्यात 'कोप' हा शब्द आला की आपल्या कानाला ओळखीचा अर्थ लागतो: कोप झाला, आता काहीतरी देऊन तो शांत करायचा. पण वधस्तंभावर देणारा कोण आहे? योहान म्हणतो, देवानेच प्रीती केली आणि प्रायश्चित्त व्हायला पुत्राला पाठवलं. आधी प्रीती, मग प्रायश्चित्त. जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनही तेच सांगतो: आपला समेट झाल्यावर देव प्रेम करू लागला असं नाही, तो आधीपासून करतच होता. आणि पुत्र काही ओढून नेलेलं कोकरू नाही. माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो, हे त्याचेच शब्द. ख्रिस्ती विश्वासात पिता आणि पुत्र एकच देव. दुसऱ्याला पुढे करून स्वतः मागे राहिलेला असा इथे कुणीच नाही.

नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात क्रोध म्हणजे काय ते प्रेषित पौल सांगतो, आणि त्यात वीज कोसळत नाही. देवाने माणसांना त्यांच्याच वासनांच्या आणि विपरीत मनाच्या स्वाधीन केलं, असं तो तीनदा म्हणतो. तिन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे, 'पारेडोकेन': स्वाधीन केलं, सोडून दिलं. आठव्या अध्यायात तो लिहितो की देवाने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही, आपल्या सर्वांसाठी त्याला दिलं. मराठीत तिथे साधं 'दिलं' आहे. ग्रीकमध्ये तिथेही 'पारेडोकेन'च आहे.