दिवस मावळायच्या आत मुक्काम

फेब्रुवारीत तेरा दिवसांची रजा काढून मी एकटीच गाडी घेऊन जंगलं फिरून आले. मेळघाट, सातपुडा, कान्हा, पेंच, ताडोबा आणि परत नाशिक. रस्ता अडीच हजार किलोमीटरच्या आसपास झाला. फोटो टाकले तेव्हा खाली बहुतेकांनी दोनच प्रश्न विचारले. "एकटी? भीती नाही वाटली?" आणि "वाघ दिसला का?" दोन्हींची उत्तरं देते. पण मला जे सांगायचंय ते रस्त्याबद्दल आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एसटीत ड्रायव्हर होते. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या मुक्कामी गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं चालवल्या. संध्याकाळी शेवटच्या गावाला पोचायचं, गाडीतच झोपायचं आणि पहाटे दूध आणि शाळा-कॉलेजची पोरं घेऊन परत निघायचं. मला गाडी शिकवली ती त्यांनीच. क्लच, गिअर शिकवण्याआधी त्यांनी एक नियम सांगितला होता: दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. दादा जाऊन सहा वर्षं झाली. या वेळी निघताना आईने माझ्याकडून तेवढं एकच वचन घेतलं.

इंदिरानगरहून पहाटे साडेपाचला निघाले आणि सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धीवर चढले. तो रस्ता इतका सरळ आणि एकसारखा आहे की डोळे आपोआप जड होतात. दर दीड तासाने उतरून पाय मोकळे केले, टायरला हात लावून बघितला. दुपारी अमरावतीला मावशीकडे. "एकटी काहून जाऊन राहिली वं?" म्हणत तिने डब्यात भाकरी आणि झुणका भरला. दुसऱ्या दिवशी परतवाड्यात टाकी फुल्ल केली, रोख पैसे काढले, नकाशे फोनमध्ये उतरवून घेतले. मेळघाटातल्या सेमाडोहच्या वाटेवर नेटवर्क गेलं ते दोन दिवस आलंच नाही.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्या तिथल्या डोंगरांतून निघून तापीला मिळतात. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. सागाची पानगळ सुरू झाली होती आणि पावलागणिक पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. माझ्याबरोबर आलेला कोरकू गाइड वाघाबद्दल फारसं बोललाच नाही. त्याने मला एका वठलेल्या झाडावर बसलेला रानपिंगळा दाखवला. मूठभर घुबड, भर दिवसा उघड्यावर बसलेलं, मान वळवून आमच्याकडे बघणारं. 1884 नंतर हा पक्षी कुणालाच दिसला नव्हता. संपला असंच धरलं होतं. 1997 मध्ये पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. एकशे तेरा वर्षं तो होताच. मी त्या झाडाखाली वीस मिनिटं उभी होते. मागे कुणी "चला, पुढे काहीतरी मोठं दिसेल" म्हणणारं नव्हतं. एकटं जाण्याचं सगळ्यात मोठं सुख मला हेच वाटतं.

त्याच गाइडला मी सहज विचारलं, रात्री या रस्त्याला गाड्या असतात का? तो म्हणाला, "असतात ना ताई. सकाळी सायकलीने येतो तेव्हा रस्त्यावर जे पडलेलं असतं, ते बघवत नाही." मग तो सांगत गेला. रातवे, साप, ससे, उदमांजर, एकदा चितळाचं पाडस.

रातवा हा पक्षी मला माहीतच नव्हता. वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा, रात्री किडे पकडणारा. दिवसभर तापलेलं डांबर अंधार पडल्यावरही कितीतरी वेळ ऊबदार राहतं. त्या उबेला साप येऊन पडतात आणि मोकळी जागा म्हणून रातवा रस्त्यातच बसतो. निशाचर प्राण्यांचे डोळे अंधुक उजेडासाठी घडलेले असतात. त्यांच्यावर हेडलाइटचा झोत पडला की त्यांना काहीच दिसत नाही आणि ते जागच्या जागी थिजतात. आपल्याला वाटतं, जनावर बाजूला होईल. ते होऊ शकत नाही. ताशी 80 ने चालणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. दिवे खाली ठेवले तर पन्नासेक मीटरपुढचं नीट दिसत नाही. डोक्यात "ब्रेक" हा विचार येऊन पाय हलेपर्यंत त्यातलं जवळजवळ निम्मं अंतर संपलेलं असतं. हॉर्न, कौशल्य, चांगली गाडी, कशाचाच उपयोग नाही. ते गणित जनावराच्या बाजूने सुटतच नाही.

मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मढईला देनवा नदी बोटीने ओलांडून जंगलात जावं लागतं. तिथे गाइडबरोबर पायी फिरता येतं, आणि माझ्या सगळ्या प्रवासातली सकाळ म्हणायची तर तीच. बोरीचं जंगल त्याच व्याघ्र प्रकल्पात येतं. 1865 पासून राखलेलं. अस्वलाने उकरलेलं वारूळ, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे, डोक्यावरून उडी मारून गेलेला शेकरू. गाडीत बसून हे यातलं काहीच दिसलं नसतं.

आता भीतीचं. वाटली, पण जंगलात नाही. एका गावातल्या लॉजवाल्याने "अकेली लेडीज को रूम नहीं देते" म्हणून मला काउंटरवरूनच परत पाठवलं तेव्हा वाटली. संध्याकाळचे पाच वाजले होते. उजेड असल्यामुळे मी दुसरं ठिकाण शोधू शकले. तेच रात्री नऊला झालं असतं तर? दादांच्या नियमाचा अर्थ तोवर मी एवढाच धरला होता: उजेड असेल तर पर्याय असतात. एकट्याने निघणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे सांगेन. समृद्धीसारखा रस्ता सोडला तर दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर ठरवू नकोस, आणि चारनंतर नवीन रस्ता धरू नकोस.

आणि मी स्वतः तो नियम मोडला. सोहागपूरहून जबलपूर, मंडलामार्गे कान्ह्याला जायचं होतं. पल्ला लांब होता, तो मी एका दिवसात बसवायलाच नको होता. मंडल्याच्या अलीकडे टायर बसला. पंक्चर निघून गाडी मंडल्यात शिरेपर्यंत सहा वाजून गेले. कान्ह्याचं खटिया गेट अजून साठेक किलोमीटर. पंक्चरवाला म्हणाला होता, "निकल जाओ दीदी, घंटे-डेढ घंटे का रास्ता है।" खोलीचे पैसे भरलेले होते, सकाळच्या सफारीचं बुकिंग होतं. निघाले.

पंधराएक किलोमीटरवर पुढची गाडी क्षणभर थबकली आणि वेगाने निघून गेली. मी पोचले तेव्हा रस्त्याच्या मधोमध कोल्हा पडलेला होता. अंग अजून गरम होतं. कडेच्या गवतात दुसरा उभा होता, माझ्या दिव्यांत त्याचे डोळे चमकत होते. तो पळाला नाही. कोल्हे जोडीने राहतात, हे मला माहीत होतं. इंडिकेटर लावून मी खाली उतरले आणि डिकीतल्या पोत्यावर घेऊन त्याला रस्त्यावरून लांब, झाडीत ओढून ठेवलं. असं मेलेलं जनावर रस्त्यातच राहिलं की त्याला खायला तरस, मुंगूस, दुसरे कोल्हे येतात आणि तेही चिरडले जातात. हात थरथरत होते. मग गाडी वळवली आणि वीसच्या वेगाने मंडल्याला परत आले. खोलीचे पैसे गेले, सफारी गेली.

त्या रात्री मंडल्याच्या लॉजवर मला झोप लागली नाही. तो कोल्हा माझ्या गाडीखाली आला नव्हता, केवळ पुढे दुसरी गाडी होती म्हणून. मुक्कामी गाडीवर असताना दादा आम्हाला रानातल्या गोष्टी सांगायचे. पेठच्या घाटात बिबट्यासाठी गाडी थांबवली, सुरगाण्याकडे साळिंदर रस्ता ओलांडेपर्यंत दिवे बंद करून बसलो. लहानपणी त्या मला मजेच्या गोष्टी वाटायच्या. त्या माणसाने तो नियम फक्त माझ्यासाठी सांगितला होता, असं मला आता वाटत नाही.

कान्ह्यात वाघ दिसला. चाळीस सेकंद, पाठमोरा. पण मी तिथे रमले ते बाराशिंग्यांत. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पासाठी पहिली नऊ जंगलं निवडली, त्यात मेळघाट होतं तसं कान्हाही होतं. त्याच्या तीन वर्षं आधी, 1970 मध्ये, इथल्या बाराशिंग्यांची संख्या 66 वर आली होती. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतले बाराशिंगे दलदलीत राहतात, कान्ह्याचे कठीण जमिनीवरचे, आणि ही जात दुसरीकडे कुठेच उरली नव्हती. कुंपणाच्या आत त्यांची वीण वाढवली, गवताळ कुरणं राखली, आणि आता इथले बाराशिंगे सातपुड्यातही नेऊन सोडलेत. धुक्यात त्या सोनेरी गवतात त्यांचा कळप बघताना एक गोष्ट मनातून जात नव्हती. या कुरणांवर एकेकाळी बैगा आणि गोंड लोकांची गावं होती. ती उठवली, तेव्हा हे गवत आलं. ज्या जंगलासाठी लोकांनी घरं सोडली, तिथल्या रस्त्यावर आपण आपला अर्धा तास सोडू शकत नाही?

तिथून सिवनीमार्गे पेंचला आले. कान्हा आणि पेंच ही नकाशावर दोन ठिपके असली तरी वाघाला ते माहीत नाही. तो मधल्या जंगलपट्ट्याने ये-जा करतो, आणि त्याची वाट राष्ट्रीय महामार्ग 44 कापतो. रस्ता चौपदरी करायचं ठरलं तेव्हा वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. शेवटी काही ठिकाणी रस्ता खांबांवर उचलला आणि खालून जनावरांना वाट ठेवली. महाराष्ट्राच्या हद्दीतच अशा नऊ जागा आहेत, सगळ्यात लांब 750 मीटरची. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ सगळे आलेत. वर नागपूरचे ट्रक धडधडत असतात आणि खालून वाघीण शांतपणे जाते. मी त्या पुलावरून गेले तेव्हा मला खूप बरं वाटलं. जी माणसं यासाठी भांडली, त्यांचे आभार मानावेत असं वाटलं.

ताडोब्याबद्दल फार लिहीत नाही. 1955 चं, आपल्या राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, देखणं जंगल. पण गाइडला "वाघ दाखव" म्हणून धमकावणारे पर्यटक मी तिथे पाहिले. 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना सफारीच्या जिप्सी गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरलं, उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या जिप्सींत आपल्यासारखीच माणसं बसली होती.

कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. अॅम्ब्युलन्स आणि मोजक्या बस तेवढ्या सोडतात. त्यावर पलीकडचे, केरळातल्या वायनाडचे लोक चिडलेले आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ज्याची भाजी सकाळी बाजारात पोचायला हवी, ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, त्याला रस्ता हवाच. मेळघाटातल्या धारणीच्या बाईला रात्री दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी गेलीच पाहिजे. पण मी? तुम्ही? आपण सुट्टीवर असतो. "रात्री निघू, ट्रॅफिक नसतं, सकाळी गेटवर पोचू" हा बेत नाशिकमध्ये किती ग्रुपवर शिजतो हे मला माहीत आहे, मीही पूर्वी शिजवलाय. मेळघाट बघायला रात्री मेळघाटातून गाडी हाणत जायचं, याला जंगलावरचं प्रेम म्हणता येत नाही. तो बेत सोडा, एवढं माझं कळकळीचं मागणं आहे. एक मुक्काम वाढेल, हजार-पंधराशे रुपये जातील.

आणि हे फक्त विदर्भातलं आहे असं समजू नका. वणीच्या गडाच्या घाटात आपण गाडीच्या काचेतून माकडांना केळी टाकतो, म्हणून ती रस्त्यावर येऊन बसतात आणि मरतात. निफाड, सिन्नरच्या उसात बिबट्याच्या माद्या वितात. ऊसतोडीत पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये ठेवून रात्रभर आईची वाट बघत बसतात. ती आई त्या पिल्लांपर्यंत रस्ते ओलांडूनच येते.

शेवटच्या दिवशी ताडोब्याच्या मोहर्लीहून सकाळी निघाले, नागपूरला समृद्धी धरली. मध्ये दोनदा थांबले, जेवले, जरा डोळा लागला. गोंद्याला उतरले तेव्हा पावणेसात झाले होते. घर तासाभरावर. पुढे मोहदरीचा घाट, आणि तिथे बिबट्या दिसल्याचं आपण दर वर्षी ऐकतो. सिन्नरला मावसभावाच्या दारात गाडी लावली आणि आईला फोन केला.

"आई, आज सिन्नरलाच राहते."

"अगं, आता राहिलंय किती? तासाभराचा तर रस्ता."

"दिवस मावळला."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. जेवून झोप. उजाडल्यावर ये."